आजच्या वरची तारीख

"तुमचं ॲप बरोबर चालतंय का, एवढंच मला सांगा," फोनवरचे गृहस्थ म्हणाले. "ते बरोबर असेल, तर माझी आई चुकतेय."

सांगलीत विश्रामबागेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. तिथे 'गोळीवेळ' नावाचं ॲप मी आणि मकरंद सर मिळून सांभाळायचो. सर मालक होते आणि बाकी सगळं मी होते. ब्लडप्रेशर, शुगर असली दुखणी असलेल्या वयस्कर माणसांनी सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या घेतल्या की त्या दिवसावर हिरवी खूण करायची आणि ती खूण दूर राहणाऱ्या मुलाबाळांना त्यांच्या फोनवर दिसायची, एवढंच ॲपचं काम. साधं होतं, पण आमचं पोट त्याच्यावर होतं.

गृहस्थांचं नाव शीतल मगदूम. आमच्या भागातल्या जैन घरांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगितलं. ते बंगळुरूला नोकरीला, आई जयसिंगपूरला एकटी. आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची नोंद ते रोज बंगळुरूहून बघायचे आणि गेले काही महिने त्यांना रोज एकच गोष्ट दिसत होती. कालचं घर रिकामं. परवाचं रिकामं. त्याच्या आधीचंही रिकामं. त्याहून मागे जाऊन बघायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"विचारलं की म्हणते, घेतली गोळी. लिहिलंस का म्हटलं की म्हणते, लिहिलं की. आणि इथं काहीच नसतं. मी आत्ता जयसिंगपुरातच आहे. तिच्याच फोनवर, तिच्यासमोर उघडून बघितलं. रिकामं. उद्या दुपारी मिरजेला डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय आणि परवाच्या गाडीची दोघांची तिकिटं काढलीत. घर बंद करून तिला घेऊन जातोय. म्हणून म्हटलं, त्याआधी एकदा तुम्हाला विचारावं."

मी दहा मिनिटं मागून घेतली, सगळं तपासलं आणि त्यांना उलट फोन करून सांगितलं की ॲप व्यवस्थित चालतंय. त्यात खोटं काही नव्हतं. मग ते "बरं, थँक्यू," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ते "बरं" मला फार लागलं. मी राहायलाही जयसिंगपूरलाच. संध्याकाळच्या एसटीत बसल्यावर मी ठरवलं की घरी जायच्या आधी मगदुमांच्या गल्लीत डोकवायचं. जाऊन काय करणार होते, ते मला माहीत नव्हतं.

आमचं गाव सरळ रेषेत आखलेलं, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. मगदुमांचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात तुळस, पायरीवर पाणी मारलेलं. दार उघडणारी बाई सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, हिरव्या काठाचं पातळ नेसलेली होती. मी कोण ते सांगितलं.

"गोळीच्या कंपनीतली व्हय? ये, ये. आधी जेवायला बस. दिवस मावळायला आलाय, मग मला वाढता यायचं नाही."

आवाज ऐकला आणि मला ओळख पटली. दर महिन्याच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसात एक फोन यायचा. 'तुमचं ॲप महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चालत नाही, मग आपोआप सुधारतं.' मकरंद सर त्या फोनची वाट बघायचे. चहाच्या वेळी ते मला विचारायचे, "ॲपला पगाराच्या आठवड्याची सुट्टी लागते वाटतं?" मीही हसायची. तो फोन ह्यांचाच, ताराक्कांचा होता.

शीतलदादा पाटावर बसले होते. चाळिशीचे, डोळ्यांखाली काळं झालेलं. मला बघून ते थोडे ओशाळले. "तुम्ही कशाला आलात? फोनवर सांगितलंत ते पुरे होतं."

"आलीय तर जेवू दे की तिला," ताराक्का म्हणाल्या. भाकरी, दोडक्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. जेवताना मायलेकरं एकमेकांशी फार जपून बोलत होती. भांडण झाल्यावर बोलतात तसं नव्हे. ते मला जास्त अवघड वाटलं.

जेवण झालं. ताराक्कांनी आमच्यासमोर संध्याकाळची गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या आणि तांब्या पालथा घातला. जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळला की सकाळपर्यंत पाणीही नाही. शीतलदादा फोनवर बोलायला अंगणात गेले. तेवढ्यात ताराक्कांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"बाळ, तू शिकलेली आहेस. खरं सांग. माझं डोकं चाललंय काय?"

"असं का म्हणता, अक्का?"

"मी रोज लिहितो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. "रोज सकाळी बस्तीला जाऊन देवाचं दर्शन घेऊन येतो, चहा घेतो आणि आदल्या दिवसाचं लिहितो. हिरवी खूण उमटते, माझ्या डोळ्यांनी बघतो. मग हा फोन करतो आणि म्हणतो, आई, काही नाही. काल आल्यावर मोबाईल हातात घेऊन दाखवला मला. खरंच रिकामं. तो बाहेर गेल्यावर मी परत बघितलो, तर खूण होती."

"खूण होती?"

"होती की. तो बघतो तवा नसते, मी बघतो तवा असते. आता मला सांग, मोबाईल खोटं बोलंल की मला भास व्हायलेत?" त्यांनी पदर बोटाला गुंडाळला, परत सोडला. "माझ्या नणंदेचं असंच झालं. आधी दूध उतू जायचं, मग रस्ता चुकायची. शेवटी पोटच्या पोराला म्हणाली, पाव्हणं कुठलं तुम्ही? त्या पोराचं तोंड मी बघितलोय. म्हणून ह्यानं जाऊया म्हटल्यावर मी नाही म्हणालो नाही. तिथं माझं काय हाय? ना बस्ती, ना बोलायला माणूस. पण असंच होणार असंल तर त्याच्याजवळ झालेलं बरं."

बाई भोळी नव्हती, रडत नव्हती. मोबाईलवर विश्वास ठेवायचा म्हणून स्वतःवरचा विश्वास तिने काढून घेतला होता, आणि त्या मोबाईलच्या बाजूने दुपारी साक्ष देणारी मी होते.

"मला एकदा दाखवता का, कसं लिहिता ते?"

"आत्ता? आजचं उद्या सकाळी लिहिणार. दिवस पुरा झाल्याशिवाय त्याचं लिहायचं कसं? कुणी सांगितलंय संध्याकाळी काय होईल?"

ही पद्धत आमच्या डोक्यात कधीच आली नव्हती. आम्ही धरून चाललो होतो की माणूस गोळी गिळेल आणि लगेच त्याच दिवसावर खूण करेल. म्हणून ॲप उघडलं की समोर आजचाच दिवस यायचा. दुसरा दिवस हवा असेल तर वरचं कॅलेंडरचं चित्र दाबायचं, पूर्ण महिना उघडायचा आणि त्यातली तारीख निवडायची.

"कालचं दाखवा. आज सकाळी लिहिलंत ना?"

त्या उठल्या. फोन आणायला जाताना आधी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर थांबल्या, आजच्या तारखेवर बोट ठेवलं, पुटपुटल्या, आणि मगच फोन घेऊन आल्या. ॲप उघडलं, कॅलेंडरचं चित्र दाबलं. महिना उघडला. आजच्या तारखेभोवती निळा गोल होता. बाकीचे आकडे बारीक आणि फिकट करडे. त्या वर्षी सगळीकडे फिकट करड्याची फॅशन होती आणि तिला भुलण्यात मकरंद सर मागे नव्हते. ताराक्कांचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिला होता. त्यांना दिसत होता तो फक्त निळा गोल. त्यांनी गोलावर बोट टेकवलं, एक घर वर सरकवलं आणि दाबलं.

दोन्ही गोळ्यांपुढे हिरव्या खुणा आल्या.

"हे बघ. खोटं हाय काय?"

शीतलदादा दारात येऊन उभे होते. ते वाकून बघायला लागले. मग त्यांचा चेहरा उतरला. "आई, ही मागच्या आठवड्यातली तारीख आहे."

"मागच्या आठवड्यातली कशी असंल? कालची हाय. आजच्या वरची."

"आजच्या वरची म्हणजे?"

"म्हणजे काय? काल आजच्या वरच असतोय की." आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या. आपण पुन्हा काहीतरी वेडंवाकडं बोललो का, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

मी उठून दिनदर्शिकेसमोर गेले. हीच दिनदर्शिका आमच्या घरी होती, ऑफिसात होती, गॅसवाल्याच्या दुकानात होती. जन्मापासून बघत आलेय. दूधवाल्याचे खाडे, संकष्टी, सगळं तिच्यावर. आणि त्या संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की तिच्यावर वार डाव्या हाताला एकाखाली एक लिहिलेले असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. रविवारखाली सोमवार, सोमवारखाली मंगळवार. आजच्या वर काल असतो आणि आजच्या खाली उद्या. मोबाईलवर तारखा डावीकडून उजवीकडे जातात. तिथे आजच्या वर असतो तो गेल्या आठवड्याचा तोच वार.

"दादा, इकडे या," मी म्हटलं. "कालची तारीख दाखवा ह्याच्यावर."

त्यांनी बोट ठेवलं. मग ते बोट तिथेच राहिलं.

"अक्का, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ॲप बिघडतं म्हणायचात ना?"

"बिघडतंय की. दाबलं तरी उघडत नाही. मग मी ठेवून देतो. आठ दिवसांनी आपलं सुधारतं."

पहिल्या आठवड्यात वर घरच नसतं. वर नुसती वारांची नावं. मकरंद सरांच्या चहाच्या वेळच्या विनोदावर मीही हसले होते.

मला वाटलं, झालं. आता हा माणूस हसेल, आईला जवळ घेईल आणि मी घरी जाईन. तसं काही झालं नाही. शीतलदादा खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात बोलले. "कळलं. पण मॅडम, ही एक चूक तुम्ही शोधलीत. ती रोज गोळ्या घेत होती हे कशावरून? रोज लिहीत होती हे तरी कशावरून? एखादी गोष्ट खरी निघाली म्हणून बाकीच्याकडे डोळेझाक करू का? मी सातशे किलोमीटर लांब असतो. रात्री फोन वाजला की माझं पाणी पाणी होतं."

त्यांचं चुकत नव्हतं. ताराक्का मान खाली घालून ऐकत होत्या.

"उद्या दवाखान्यात जायच्या आधी मला एकदा येऊ द्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात होते. मकरंद सरांसमोर मी एकच मागणी ठेवली. तारखेच्या दोन बाजूंना दोन बटणं. मागचा दिवस आणि पुढचा दिवस. महिना उघडायला लागू नये. मधोमध वार आणि तारीख, ठळक काळ्या अक्षरांत.

ही मागणी नवीन नव्हती. कितीतरी लोकांनी केली होती आणि सरांनी ती कायम यादीच्या तळाशी ढकलली होती.

"वैजयंती, तारीख निवडायचा डेट पिकर जगभर असाच असतो. लोकांना सवय आहे."

"जगभरच्या स्वयंपाकघरात ही असते का, सर?" मी त्यांच्या पाठीमागच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवलं.

ते खुर्ची वळवून बघत बसले. त्यांच्याच हस्ताक्षरात तिच्यावर 'वीजबिल' लिहिलेलं होतं. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी डोकं खाजवलं. "च्यायला," म्हणाले. आणि मग, मालक असल्यामुळे काहीतरी कापणं भाग होतं म्हणून म्हणाले, "एकच बटण कर. मागचा दिवस. पुढचा कशाला? उद्याची गोळी आज कोण लिहिणार आहे?"

"मागे गेलेल्या माणसाला परत यायला नको का?"

"कर बाई, कर. पण लगेच सगळ्यांना देऊ नको. आधी त्यांच्या फोनवर घालून बघ."

काम अवघड नव्हतं. कामापेक्षा ते इतके दिवस न करणं अवघड असायला हवं होतं. ॲप तयार होत होतं तेवढ्यात मी आणखी एक गोष्ट उघडली. कुठल्या दिवसावर खूण झाली हे ॲपमध्ये दिसतं. ती खूण खरोखर कधी केली, ती वेळ मात्र आमच्या सर्व्हरवर वेगळी राहते. आदल्या दिवशी मी ती बघितलीच नव्हती, कारण बघायचं कारण नव्हतं. आता बघितली. महिन्याचा पहिला आठवडा सोडला तर रोज सकाळी, बस्तीहून परतायच्या सुमाराला, एक नोंद. रोज. फक्त एका सकाळी काही नव्हतं. मी एसटी पकडली.

मगदुमांच्या घरात बॅगा भरून ठेवल्या होत्या. एक शीतलदादांची, दोन ताराक्कांच्या. देव्हाऱ्यातल्या मूर्तीही कापडात गुंडाळून झाल्या होत्या. ताराक्का दवाखान्यात जायचं म्हणून ठेवणीतलं पातळ नेसून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. आपल्याच घरात पाहुण्यासारख्या.

मी त्यांच्या फोनवर नवीन ॲप घातलं, चुकीच्या तारखांवर पडलेल्या जुन्या खुणा पुसल्या आणि फोन हातात दिला. "महिना उघडायचा नाही, अक्का. हे बटण दाबलं की एक दिवस मागे, हे दाबलं की एक दिवस पुढे. वर वार वाचा."

त्यांनी फोन लांब धरला. "हां. हे दिसतंय." मग 'मागचा दिवस' दाबलं. "हा कालचा. काल दोन्ही घेतलो, संध्याकाळची तुमच्या दोघांसमोर." खूण केली. पुन्हा मागे. "हा परवा. तू पहाटे आलास, मी आधी तुला आंघोळीला पाणी काढलो आणि मग सकाळची घेतलो." खूण. पुन्हा मागे. "ह्या दिवशी पद्माच्या नातवाचं बारसं. संध्याकाळची गोळी बरोबर पुडीत घेऊन गेल्तो. बारशाला नाव काय ठेवलं, सांगू? अर्हंत."

शीतलदादा आधी उभे होते. आता त्यांनी आईसमोर वेताचा मोडा ओढला आणि बसले. त्या एकेक दिवस मागे जात होत्या आणि प्रत्येक दिवसाचं काही ना काही सांगत होत्या. नळाला पाणी आलं नाही तो दिवस. शेजारणीची म्हैस व्यायली तो दिवस. "ह्या दिवशी तू फोनवर माझ्यावर ओरडलास," असंही एका दिवशी म्हणाल्या आणि खूण करून पुढे गेल्या, म्हणजे मागे गेल्या. मी सर्व्हरवरच्या वेळा माझ्या फोनवर घेऊन बसले होते. सगळं जुळत होतं.

मग त्यांनी एकदा बटण दाबलं, पुढचा शब्द बोलल्या नाहीत आणि घाईने पुन्हा दाबलं.

"थांब," शीतलदादा म्हणाले. "हा दिवस सुटला."

"सुटला नाही."

"सुटला. एक पुढे ये."

त्यांनी 'पुढचा दिवस' दाबलं. सुटलेला दिवस समोर आला. माझ्याकडे हाच दिवस कोरा होता, आणि हाच मला नको होता. शीतलदादांनी माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता आलं नाही. "दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद केलेली नाही," मी म्हटलं. "फक्त हीच एक."

शीतलदादांनी फार हळुवारपणे विचारलं, "आठवत नाही का, आई? नसेल आठवत तर राहू दे."

"न आठवायला काय झालं?" ताराक्का म्हणाल्या. "अनंत चतुर्दशी होती."

"मग?"

"मग काय. उपास होता."

"कसला उपास?"

"निरंकार. पाणीबी नाही. मग गोळी कशी गिळणार?"

"डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं की उपास करायचा नाही."

"सांगितलं होतं. चांगलं बजावून सांगितलं होतं. ऐकलोय मी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"म्हणून तर नाही सांगितलो."

"आणि लिहिलं का नाहीस?"

ताराक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं की क्षणभर शीतलदादा सात-आठ वर्षांचे झाले असावेत. "घेतलो म्हणून लिहायचं, तर खोटं होतंय, तेही पर्युषणात. घेतलो नाही म्हणून लिहायचं, तर तू दुसऱ्या दिवशी दारात. पन्नास वर्षं करतोय मी हा उपास. लग्न होऊन आलो तवापासून. ह्या वर्षी सोडला तर पुढच्या वर्षी धरायला मी असंन काय, कोण सांगितलंय? म्हणून लिहिलोच नाही. गप्प बसलो."

मी ओठ दाबून धरले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी काय काय विचारलं असतं कोण जाणे. आजचा वार कोणता, शंभरातून सात वजा करा. पण ज्या बाईला पंधरवड्यातला प्रत्येक दिवस पाठ होता, आणि एकच दिवस लपवायचा होता म्हणून जिने नेमका तेवढाच लपवला होता, तिच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं.

शीतलदादांनी दोन्ही हातांत तोंड घेतलं. मला आधी वाटलं हसतायत. मग कळलं की नाही.

"मला वाटलं, तू मला विसरणार," ते म्हणाले. "आत्यासारखी. रोज ती रिकामी घरं बघून मला तेवढंच वाटायचं. मी फोनवर ओरडायचो ते रागाने नाही, आई. मला भीती वाटायची."

"मलाबी तीच वाटायची," ताराक्का म्हणाल्या. "तुला कशी सांगणार?"

त्यांनी मुलाच्या केसांवरून हात फिरवला. दुसऱ्या हातात फोन तसाच होता. थोड्या वेळाने त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला आणि 'पुढचा दिवस' दाबलं. एकदाच.

"हा बघ. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. क्षमावलीचा."

माझ्यासारख्या बाहेरच्या बाईलाही गावात राहून एवढं माहीत होतं. पर्युषण संपलं की त्या दिवशी जैन माणसं घरोघर जातात आणि वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर एकमेकांची माफी मागतात. लहानमोठं कुणी बघत नाही. हात जोडायचे आणि 'उत्तम क्षमा' म्हणायचं.

"ह्या दिवशी तू मला काय पाठवलास?"

शीतलदादांनी डोळे पुसले. "मेसेज."

"फुलांचा फोटो. तोच फोटो तुझ्या चुलत्याकडून आला, तोच पद्माच्या सुनेकडून. मी बस्तीतून आल्यावर दिवसभर फोन जवळ घेऊन बसलो. म्हटलं, फोन करंल. शीतल दरवर्षी करतो."

"मीटिंग होती," शीतलदादा म्हणाले, आणि ते किती पोकळ होतं ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते मोड्यावरून उठले, आईच्या पायांशी जमिनीवर बसले आणि त्यांनी हात जोडले. अंगावर दवाखान्यात जायचे इस्त्रीचे कपडे होते.

"उत्तम क्षमा, आई."

"उत्तम क्षमा," ताराक्कांनीही हात जोडले, फोन दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून. "मीबी उपास लपवलो तुझ्यापासून. माझंबी चुकलं."

"आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे मात्र जायचं. उपासाचं मी सांगणार आहे त्यांना."

"सांग की. माझ्यासमोर सांग."

मी उठले. अशा वेळी बाहेरच्या माणसाने उठावं, एवढं मला कळत होतं. आता बरीच वर्षं झाली. मी पुण्याला मोठ्या कंपनीत आहे आणि तिथे माझ्या हाताखालची मुलं तारखेशेजारच्या बाणांवर तासभर वाद घालतात, गोल असावेत की चौकोनी. मी त्यांना बोलू देते. त्या दिवशी चप्पल घालताना मला आतून ऐकू आलेलं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"हा दिवस झाला," ताराक्का म्हणत होत्या. "आता तिकीट रद्द कर. माझं एकट्याचं नको, दोघांचं कर. आलाच आहेस तर चार दिवस राहा."

आणि मग देव्हाऱ्यातल्या मूर्तींवरचं कापड सोडल्याचा आवाज आला.